कडू कंद, वाहतं पाणी

सानगडीच्या भोवतालच्या जंगलात पावसाळा लागला की एक वेल झाडांवर चढू लागते. पानं पिंपळासारखी हृदयाच्या आकाराची, पण मोठी आणि ठळक शिरांची. पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे तपकिरी गोळे लोंबतात. ही फळं नव्हेत, वेलीने हवेत धरलेले कंदच आहेत. मोबाइल काढून फोटो घेतला तर ॲप काही सेकंदांत नाव सांगतं: डायोस्कोरिया बल्बिफेरा. विदर्भात मटारू, कोकणात करांदा, आयुर्वेदात वाराहीकंद. आणखी खाली स्क्रोल केलं तर ‘कंद खाण्यायोग्य’ असं एक वाक्यही सापडतं.

हे वाक्य खोटं नाही. पण त्याच्या भरवशावर कुणी रानातला कंद खणून बटाट्यासारखा उकडून खाल्ला, तर तोंड कडू होण्यापासून यकृताला इजा होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. याच कुळातल्या दुसऱ्या एका वेलीचा कंद हाती लागला असेल, तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. रानातला कंद जन्मतः खाण्यायोग्य नसतो. तो तसा करावा लागतो. ते करण्यात किती हात राबतात, किती पाणी लागतं, किती रात्री जातात, हे त्या एका वाक्यात मावत नाही. इतिहासाच्या पुस्तकांतही ते फारसं मावलेलं नाही.

तीन वेली

सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं गाव. गावाला जुना किल्ला आहे. भोवती धानाच्या बांध्या, तलाव, आणि पलीकडे नवेगाव-नागझिऱ्याच्या दिशेने पसरत गेलेलं जंगल. हा झाडीपट्टीचा मुलूख. इथले जुने तलाव बांधण्याचं श्रेय कोहळी समाजाला दिलं जातं. तलावाच्या पाण्यावर धान पिकवायचं आणि धान फसलं की जंगलाकडे वळायचं, अशी इथल्या जगण्याची जुनी रीत. गोंड, हलबा, ढिवर अशा समाजांसाठी तर जंगल हे अडीअडचणीचंच नव्हे, दरवर्षीचं कोठार होतं.

या कोठारातल्या तीन वेली लक्षात ठेवू. तिन्ही डायोस्कोरिया कुळातल्या. पहिली, वर सांगितलेला मटारू. दुसरीचं पान हाताच्या बोटांसारखं बहुधा पाच भागांत विभागलेलं असतं. ती डायोस्कोरिया पेंटाफायला. पश्चिम महाराष्ट्रात हिला शेंडवेल म्हणतात आणि हिच्या फुलोऱ्याची भाजी करतात. कंदही खातात. तिसरी डायोस्कोरिया हिस्पिडा. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडात तिला बैचांदी म्हणतात. तिचं पान तीन पर्णिकांचं, खोड काटेरी. तिघींत सगळ्यांत विषारी हीच.

आता अडचण पाहा. कंद खणायचा मोसम पावसाळ्यानंतरचा. तोवर वेलीने पानांत तयार केलेलं अन्न पिठाच्या रूपात जमिनीखाली साठवलेलं असतं. पण तोवर पानंही गळून गेलेली असतात. तीन पर्णिका की पाच, हे मोजायला पानच शिल्लक नसतं. समोर असते ती झाडाला गुंडाळलेली एक वाळकी दोरी. खणणाऱ्या बाईला ही दोरी कोणत्या वेलीची हे ठाऊक असतं, कारण तिने ती वेल आषाढ-श्रावणात हिरवी असताना पाहून ठेवलेली असते. जंगलातली कोणती वेल कुठे होती याची नोंद तिच्या डोक्यात चार-पाच महिने टिकलेली असते. सब्बल जमिनीत शिरते ती त्यानंतर. खणून झालं की कंदाचा वरचा तुकडा परत त्याच खड्ड्यात पुरून टाकायचा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे वेल येईल, हा रिवाजही कंद खाणाऱ्या अनेक समाजांत आहे.

कंदाचं पाप धुणं

कृती समाजासमाजाप्रमाणे बदलते, पण तिचा सांगाडा महाराष्ट्रात आणि बाहेरही बराचसा सारखा आहे. आधी साल काढायची. मग पातळ चकत्या करायच्या. हाताला खाज सुटते. चकत्या बांबूच्या टोपलीत भरून टोपली वाहत्या ओढ्यात ठेवायची, वर दगडाचं वजन. एक रात्र, दोन रात्री, बैचांदीसारख्या कंदाला त्याहून जास्त. मग उकडायचं, पाणी फेकायचं, पुन्हा उकडायचं. काही ठिकाणी उकडताना चुलीतली राख घालतात. कोकणात कातकरी-ठाकरांच्या वस्त्यांतून कडू कंदाच्या चकत्या अशाच उकडून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात. कडूपणा गेला की नाही याचा निवाडा शेवटी जिभेच्या टोकावर होतो.

यातल्या प्रत्येक पायरीला रसायनशास्त्राचं कारण आहे. बैचांदीतलं मुख्य विष म्हणजे डायोस्कोरिन नावाचं अल्कलॉइड. ते मज्जासंस्थेवर हल्ला करतं. घशात जळजळ, गरगरणं, उलट्या आणि मात्रा जास्त झाली तर झटके. पण हे विष पाण्यात विरघळतं, आणि तिथेच माणसाला वाट सापडली. अख्खा कंद पाण्यात ठेवला तर विष आतच राहतं. पातळ चकत्या केल्या की पेशी फाटतात आणि पाण्याला आत शिरायला जागा मिळते. साचलेल्या पाण्यात थोड्या वेळाने आतलं-बाहेरचं विष सारखं होतं आणि बाहेर पडणं थांबतं. वाहत्या पाण्यात मात्र प्रत्येक क्षणी नवं पाणी येतं, म्हणून विष बाहेर पडत राहतं. नुसतं उकडून भागत नाही. उकडलेलं पाणी फेकावं लागतं, कारण विष त्या पाण्यात उतरलेलं असतं.

मटारूची गोष्ट थोडी वेगळी. त्यात डायोस्बल्बिन नावाची कडू द्रव्यं असतात. चीनमध्ये हाच कंद औषध म्हणून वापरला जातो, आणि तो जास्त काळ किंवा जास्त मात्रेत घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या वैद्यकाने नोंदवलं आहे. शिवाय सगळे मटारू सारखे नसतात. परसात पिढ्यानपिढ्या लावलेल्या वाणात कडूपणा कमी असतो आणि रानटी वेलीत जास्त. म्हणजे ‘आमच्याकडे तर नुसता उकडून खातात’ हे एका गावात खरं असतं आणि चार कोसांवरच्या जंगलातल्या वेलीला लागू पडत नाही.

खाजेचं कारण मात्र आपल्या घरातलंच आहे. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक अळूत असतात, सुरणात असतात, आणि या कंदांतही. अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आमसूल घालणाऱ्या प्रत्येक आईला या विद्येचा एक तुकडा येतोच.

किती जुनी गोष्ट?

ही कृती कुणी शोधली हे विचारण्यात अर्थ नाही, कारण ती शेतीच्याही आधीची आहे. बोर्निओ बेटावर सारावाकमध्ये निआ नावाच्या प्रचंड गुहा आहेत. तिथल्या उत्खननात ४० हजार वर्षांच्या आसपासच्या थरांत माणसांनी खाल्लेल्या वनस्पतींचे अवशेष सापडले. त्यांत हिस्पिडाच्या, म्हणजे आपल्या बैचांदीच्याच, कंदाचे अवशेष आहेत. त्याच गुहेत राखेने भरलेले खड्डेही मिळाले. विषारी बिया आणि कंद राखेत पुरून ठेवण्याची पद्धत त्या भागात आजही माहीत आहे, त्यामुळे हे खड्डे विष उतरवण्यासाठी असावेत असा संशोधकांचा तर्क आहे. इंडोनेशियात हाच कंद ‘गाडुंग’ म्हणून ओळखला जातो. राख, मीठ आणि पाणी यांनी शुद्ध करून त्याच्या तळलेल्या चकत्या तिथे चिवड्यासारख्या खातात.

याच जावा बेटावर १८९४ साली बोअर्स्मा नावाच्या डच रसायनतज्ज्ञाने या कंदातून डायोस्कोरिन वेगळं काढलं. विषाला नाव मिळालं. हे साल ध्यानात ठेवा, कारण त्यानंतर दोनच वर्षांनी भंडारा जिल्ह्यावर दुष्काळ कोसळला.

ऐंशी हजार माणसं

तेव्हा भंडारा मध्य प्रांतात होता. आजचा गोंदिया जिल्हा त्यातच होता आणि साकोली ही तहसील होती. १८९६ साली पावसाने हंगाम संपण्याआधीच पाठ फिरवली आणि धान उभ्याचं वाळलं. मधल्या काळात लोक जेमतेम सावरतात तोच १८९९ मध्ये पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. हा १८९९–१९०० चा दुष्काळ मध्य प्रांतातल्या सगळ्यांत भीषण दुष्काळांपैकी एक.

१८९१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्यात सुमारे ७ लाख ४३ हजार माणसं होती. १९०१ मध्ये मोजली तेव्हा ती ६ लाख ६३ हजार भरली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची सोडून ऐंशी हजारांनी कमी झाली. काही भुकेने गेली, काही भुकेमागून येणाऱ्या कॉलऱ्याने आणि तापाने, काही मुलूख सोडून गेली.

सरकारची मदत होती. खडी फोडायची, तलाव खणायचे, मजुरी घ्यायची. म्हाताऱ्यांना आणि मुलांना अन्नछत्र. या सगळ्याचे आकडे अहवालांत आहेत. आणि अहवालांत आणखी एक गोष्ट असते: जंगलातल्या खाद्य वस्तूंची नोंद. मोहाची फुलं, फळं, बिया, मुळं, कंद. इंग्रजी राजवटीला या नोंदींची गरज वाटत होती. जॉर्ज वॅट यांच्या १८८९ ते १८९३ दरम्यान निघालेल्या भारतीय उत्पादनांच्या प्रचंड कोशात डायोस्कोरिया कुळ आहे. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी अन्न-वनस्पतींवर जी. ए. गॅमी यांची टिपणी १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली.

अशा याद्या आज फार उपयोगी पडतात. पण त्यांचा रोख वनस्पती ओळखण्यावर होता. कोणती वस्तू खाल्ली जाते, एवढं कळलं की अधिकाऱ्याचं काम झालं. ती खाण्यायोग्य कशी होते याला फार तर एखादं वाक्य मिळे. अशा वाक्यात पाणी कोणतं, रात्री किती, चकती किती पातळ, हे येत नाही. प्रयोगशाळेला विषाचं नाव ठाऊक होतं, कोशाला वेलीचं नाव ठाऊक होतं, आणि उतारा ठाऊक होता तो लिहिता न येणाऱ्या बायकांना. तिन्ही माहित्या एकाच दशकात होत्या. एकमेकींना भेटल्या नाहीत.

त्यातही दुष्काळाचं गणित क्रूर आहे. पाऊस कमी म्हणून धान गेलं, आणि पाऊस कमी म्हणूनच ओढेही लवकर आटले. कंद शुद्ध करायला लागतं नेमकं वाहतं पाणी. त्यात पोटात आग असलेल्या माणसाला तीन रात्री थांबायला सांगणं. ज्यांनी दरवर्षी कंद खाल्ला होता त्यांना थांबणं का आवश्यक आहे हे ठाऊक होतं. ज्यांनी दुष्काळ पडला म्हणून पहिल्यांदाच खणला, त्यांच्यासाठी तो कंद आणखी एक धोका होता. म्हणून ‘दुष्काळी अन्न’ हा शब्द मला अपुरा वाटतो. दुष्काळात तो कंद त्यांनाच तारू शकत होता, ज्यांच्या घरात तो सुकाळातही शिजत होता.

जंगल मोकळं करण्याचा हुकूम

त्या काळच्या दुष्काळ संहितांमध्ये एक तरतूद होती: टंचाई तीव्र झाली की राखीव जंगलं खाण्याजोग्या वनोपजासाठी लोकांना मोकळी करायची. वाचायला दयाळू वाटतं. पण दार उघडण्याचा हुकूम काढावा लागतो, याचा अर्थ ते दार आधी बंद केलेलं होतं.

१८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात परवानगीशिवाय वनोपज गोळा करणं हा गुन्हा ठरवला. १९२७ च्या कायद्यानेही तेच चालू ठेवलं. भंडाऱ्यात सगळं जंगल सरकारी नव्हतं. बरंच मालगुजारांचं आणि जमीनदारांचं होतं. तिथे ‘निस्तार’ नावाचा हक्क चालत असे. जळण, चराई, घरगुती गरजेचं वनोपज गावाने घ्यायचं, ही वहिवाट. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. मालगुजारांची जंगलं आणि तलाव सरकारकडे आले. ‘माजी मालगुजारी’ हे लांबलचक नाव लोकांनी तोडून त्यांना ‘मामा तलाव’ केलं, ते आजही रूढ आहे. जंगलाला असं लाडकं नाव मिळालं नाही.

पुढे १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघासाठी ते गरजेचं होतं, आणि या जंगलाचं आजचं वैभव त्यामुळेच टिकलं आहे. पण राष्ट्रीय उद्यानात कंद खणणं जवळजवळ बंदच होतं, हेही तितकंच खरं.

मग २००६ चा वन हक्क कायदा आला. गौण वनोपज म्हणजे काय, याची व्याख्या करताना त्या कायद्याने बांबू, मध, लाख, तेंदूपत्ता यांच्या बरोबरीने मुळं आणि कंद हे शब्द स्पष्ट लिहिले. १८७८ ते २००६ म्हणजे १२८ वर्षं. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली लढाई गाजली ती बांबूसाठी, कारण बांबूला बाजार आहे. कंदाला बाजार जवळपास नाही, म्हणून त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही. हक्क परत मिळेपर्यंत तो वापरण्याची विद्या किती घरांत शिल्लक राहिली, हा प्रश्न कायद्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

एक पायरी गाळली तर

विद्या अर्धी राहिली तर काय होतं, याची एक गोष्ट ऑस्ट्रेलियातून. १८६१ मध्ये बर्क आणि विल्स नावाचे दोन गोरे प्रवासी खंड ओलांडून परतताना वाळवंटी प्रदेशात अडकले. तिथल्या यांद्रूवांधा लोकांना ‘नार्डू’ नावाच्या पाणनेच्याच्या बीजाणूंच्या गाठींचं पीठ खाताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांनीही त्या गाठी गोळा केल्या, दळल्या आणि रोज पोटभर खाल्ल्या. तरी अंगातली शक्ती जात राहिली आणि दोघंही मेले. तिसरा साथीदार जॉन किंग यांद्रूवांधांच्या आश्रयाला गेला आणि वाचला. नार्डूमध्ये शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एक द्रव्य असतं, आणि स्थानिक लोकांच्या कृतीत त्याचा बंदोबस्त होता, असं संशोधकांचं मत आहे. प्रवाशांनी पदार्थ उचलला, कृती पूर्ण उचलली नाही.

उलट बाजूचं उदाहरण तुमच्या ताटात आहे. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून बनतो. कच्च्या कसाव्यात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तमिळनाडूतल्या सेलमला हा उद्योग उभा राहिला. कंद सोलायचा, कुटायचा, धुवायचा, पीठ खाली बसू द्यायचं, वरचं पाणी काढून टाकायचं, मग भाजायचं. ओढ्यातल्या टोपलीची जागा हौदाने घेतली, एवढाच फरक. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाताना आपण विषारी कंद खातोय असं कुणाच्या मनात येत नाही. कारण मधल्या पायऱ्या कारखान्याने आपल्यासाठी करून ठेवल्या. मध्य प्रदेशात बैचांदीच्या वाळवलेल्या चकत्याही उपवासाला चालतात. तोच कंद जंगलात कुणी खणत असेल तर मात्र आपण म्हणतो, ‘बिचारे, कंदमुळं खाऊन जगतात.’

नाव मिळालं, पुढे?

गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतात. कृषी विभाग त्यात पुढाकार घेतो. टेबलावर भाज्या आणि कंद मांडलेले असतात, समोर नावाची पाटी. आपण फोटो काढतो, पोस्ट टाकतो. चांगलंच आहे, ज्या अन्नाची लाज वाटायला लावली गेली, ते टेबलावर मानाने येतंय. पण पाटीवर पुन्हा नावच असतं. १९०० च्या आसपासच्या याद्यांत जे झालं, तेच मोबाइलच्या पडद्यावर होण्याची भीती आहे. फरक इतकाच, की तेव्हाची यादी मूठभर अधिकारी वाचायचे आणि आजची पोस्ट दहा हजार लोकांपर्यंत जाते. त्यातला एखादा हौशी ट्रेकर सब्बल घेऊन निघाला तर?

म्हणून स्पष्ट सांगतो, हा लेख पाककृती नाही. यात वाचून कुणी रानातला कंद शिजवू नये. असा कंद खायचा असेल तर तो दरवर्षी खाणाऱ्या घरात, त्यांच्या हातचा खावा.

मात्र तुमच्या घरात, गावात, ओळखीत अशी एखादी आजी असेल, तर तिच्याजवळ बसावं. मोबाइलने फोटो निघतो तसा आवाजही रेकॉर्ड होतो. वेलीचं नाव विचारणं सोपं आहे, ते ॲपही सांगेल. त्यापुढचं विचारावं. ही वेल पावसाळ्यात कशी दिसते आणि वाळल्यावर कशी ओळखता? कोणत्या महिन्यात खणायची? सब्बल कुठून लावायची, काय परत पुरायचं? चकती किती जाड? टोपली कोणत्या ओढ्यात, किती रात्री? ओढा आटला तर काय करायचं? राख कोणत्या लाकडाची? कोणाला खायला द्यायचा नाही? आणि शेवटी, तुम्हाला कसं कळतं की आता झालं?

साकोली तालुक्यातून चुलबंद नदी वाहते. तिला मिळणारे छोटे नाले हिवाळा सरता सरता आटू लागतात, आणि कंद खणण्याचे दिवसही तेच. नाल्यात पाणी आहे तोवरच टोपली बुडते, आणि ती बुडवणाऱ्या आज्याही काही कायम राहणार नाहीत. विचारायचं असेल तर याच हिवाळ्यात विचारावं.